वीस एप्रिलपासून त्रेसष्ट दिवस

१९ मे २००८, सोमवार

२०४ मधली अंजू आज लॅबमध्ये आली. जिन्यात रोज भेटते, पण नीट बघितलं ते आज, सुई टोचताना. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. डोळे हळदीसारखे. म्हटलं, "अगं, आरसा बघितलास का?" तर म्हणते, "काकू, बाथरूममध्ये दिव्याखाली काही कळलंच नाही." कसं कळणार? कावीळ दिवसाच्या उजेडात बघायची. तीस वर्षं सांगतेय लोकांना.

बिलिरुबिन ६.८. लिव्हरचं एसजीपीटी चाळीसच्या आत हवं, ते हजाराच्या वर. हिपॅटायटिस बी-ची टेस्ट निगेटिव्ह. बाहेर काय खाल्लंस विचारलं तर रडायलाच लागली. नोकरी नवीन, रजा नाही.

घरी ह्यांना सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "वडापाव खात असेल स्टेशनवरचा." झालं निदान.

लेकीचा, पल्लूचा पेणहून फोन. दिराच्या लग्नाची गडबड संपली एकदाची. १ जूनला, रविवारी येते म्हणाली, बाळंतपणाला. डॉक्टरांनी तारीख दिलीय १३ जुलै. आतल्या खोलीचा पंखा आवाज करतो, तो बदलायला सांगायचा. जुन्या सुती साड्या काढून धुवायच्या, दुपटी शिवायला. डिंक आणायचा. मला तर नुसतं नाचावंसं वाटतंय.

२२ मे, गुरुवार

खालच्या किराणा दुकानाचे शहाभाई. "भाभी, तेल का डब्बा खोलता हूँ तो उल्टी जैसा होता है." किराणावाल्याला तेलाचा वास नको म्हणजे काय ते मला तिथेच कळलं. लघवीत बाइल, म्हणजे पित्त, भरपूर.

पण साहेब आधी काशीगावला जाऊन कावीळ उतरवून आले होते! कोणीतरी हाताला पाला चोळतो, मग चुन्याच्या पाण्यात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं. कावीळ गेली म्हणे पाण्यात. म्हटलं, पुढच्या वेळी मला पण न्या, माझेही हात पिवळेच निघतील. हसले बिचारे. हसताना दम लागला, स्टुलावर बसले.

एका बिल्डिंगमधले दोन. लॅबच्या डॉक्टर मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "दोन म्हणजे योगायोग असू शकतो. तिसरा आला तर लगेच सांग."

२४ मे, शनिवार

तिसरा आला. ३०३ चा प्रशांत. धट्टाकट्टा माणूस, बायको हाताला धरून घेऊन आली.

मॅडमनी तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "सगळी मोठी माणसं. लहान मूल एकही नाही. बी नाही. अंजूचं सिरम आहे ना फ्रीजमध्ये?" मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवलं. हिपॅटायटिस ए आणि ई, दोन्हींचं आयजीएम बघायला, म्हणजे ताज्या लागणीची खूण. एरवी कोण करतं ही टेस्ट? कावीळ ती कावीळ. उसाचा रस प्या, पडून राहा, महिन्याने बरे व्हाल. आणि होतातही.

मी लेबल लावत होते. ए मुलांमध्ये जास्त दिसतो, ते मला माहीत होतं. ई फक्त ऐकलेला. मॅडम म्हणाल्या, "पाण्यातून येतो. पिण्याच्या पाण्यात गटार मिसळलं की." मग सहज, "तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणी गरोदर आहे का गं?"

मी म्हटलं, नाही. अगदी पटकन म्हटलं. आठवडाभरात पल्लू यायचीय हे लेबल चिकटवून झाल्यावर डोक्यात आलं.

शेवटच्या तीन महिन्यांत हा ई काय करतो ते मॅडमनी मग सांगितलं. इतरांना महिन्याभराचा त्रास. पोटुशीच्या लिव्हरची मात्र काही दिवसांत वाट लावू शकतो. आकडाही सांगितला. तो इथे लिहिणार नाही.

२५ मे, रविवार

आज घरात जोरदार भांडण.

मी म्हटलं, मोटर बंद करा. मोटर म्हणजे ह्यांचा जीव. एप्रिलच्या सुरुवातीला पाण्याचं प्रेशर पार गेलं होतं. दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. चौथ्या मजल्यावरच्या बायका बादल्या घेऊन खाली. ह्यांनी कंपनीत सव्वीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेली, व्हीआरएसनंतर हात नुसते शिवशिवत होते. एका रविवारात सोसायटीच्या नळजोडणीला डायरेक्ट मोटर बसवली. धो धो पाणी. मीटिंगमध्ये शाल आणि नारळ. नियमात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक, पण शेजारच्या दोन बिल्डिंगनी पण बसवलेली, मग आपणच का तहानलेलं राहायचं?

मी: "मोटर पाणी ओढते तशी घाण पण ओढते. आपला पाइप गटाराखालून येतो. कुठे भोक असेल तर?"

हे: "माझं काम मला शिकवू नकोस. मी तुला सुया टोचायला शिकवतो का?"

दिवसभर अबोला. पण दुपारी माणसं बोलावून खालची-वरची अशा दोन्ही टाक्या धुऊन घेतल्या. स्वतः उन्हात उभे राहिले. पाण्याची बाटली भरून तपासायला पण दिली. तोंडाने कबूल करायचं नाही, एवढंच.

२७ मे, मंगळवार

पेणला फोन केला. छातीवर दगड ठेवून केला.

विहीणबाईंनी उचलला. म्हटलं, पल्लूला इकडे नको पाठवायला, बिल्डिंगमध्ये कावीळ आहे. तिकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग, "अहो, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. आम्ही इकडे काहीच तयारी केलेली नाही." आणि शेवटी, "तुम्हाला जड होत असेल तर तसं सांगा, आमची हरकत नाही."

जड! मी आठवडाभर साड्या धुऊन ठेवतेय आणि मला म्हणतात जड.

पल्लू आली फोनवर. "आई, मी उकळलेलंच पिईन ना गं. अंघोळीचं पण उकळीन." नाही म्हटलं. "मग मी काय केलंय?" काही नाही केलंस बाळा, नाही म्हणजे नाही. तिने फोन ठेवला, रागाने.

ओट्याशी उभी राहून पोटभर रडले. पण मग बरं वाटलं. पेणला त्यांची स्वतःची विहीर, सासूबाई पाणी गाळून उकळून देतात. इकडच्या पाण्याचा थेंब तिच्या पोटात जाणार नाही. रागावू दे. वाचली पोर.

३० मे, शुक्रवार

पाण्याचा रिपोर्ट आला. पिण्यायोग्य. ह्यांनी तो नोटीस बोर्डावर चार पिना मारून लावला. एवढ्या पिना तर गणपतीच्या वर्गणीच्या नोटिशीलाही लावत नाहीत. मला पण सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

३१ मे, शनिवार

अंजूचा रिपोर्ट. ए नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. ई रिअ‍ॅक्टिव्ह.

मी मॅडमना म्हटलं, पण पाणी तर चांगलं आलंय. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ई आज पोटात गेला की उद्या कावीळ होत नाही. दोन आठवडे लागतात, कधी नऊ. बहुतेकांना चाळीस दिवसांच्या आसपास. आजचं पाणी तपासून काय कळणार? हे लोक जे प्यायले ते एप्रिलमध्ये प्यायले."

एवढी वर्षं रक्त काढतेय, पण मागे मोजायचं कधी सुचलं नव्हतं. आम्ही आलेल्याचं रक्त घेतो, आकडा लिहितो, पुढचा.

ह्यांना सांगितलं. तर म्हणाले, "एप्रिल तर एप्रिल. टाकी एक, पाणी एक. छत्तीस घरं आहेत. मोटरचा दोष असता तर अख्खी बिल्डिंग पिवळी झाली असती. तिघेच कसे?"

मी कणीक मळायला घेतली. जिंकल्यासारखे उठले आणि नवीन पंखा बसवायला घेतला, आतल्या खोलीत. पल्लू येणार नाहीये, तरी.

२ जून, सोमवार

आग्नेसबाई आली होती लॅबमध्ये. पालीची कोळीण. अकरा वर्षं आमच्या गेटशी मंगळवारी आणि शुक्रवारी पाटी घेऊन बसते, पल्लूला लहानपणापासून बघितलंय तिने. गेले दोन वार दिसली नव्हती. आज पाटी नाही, एकटीच, जिन्याचा कठडा धरून.

"बाय, मासली बगवत न्हाय मना. वास आला का उलटी."

कोळणीला मासळीचा वास नको. मी तिला खिडकीशी नेलं, पापणी खाली ओढली. हळद.

विचारलं, पाणी कुठलं पितेस? पिशवीतून बाटली काढून दाखवली. "घरचा. रोज संगती हाय." खरं आहे. उन्हात बसलेली बघून मी कितीदा पाणी विचारलंय, कधी घेतलं नाही तिने. मग बोलता बोलता स्वतःच म्हणाली, "तुमच्या बिल्डिंगचा पानी मी कंदी पिली न्हाय. तुज्या पोरीच्या डोहालजेवनाला लाल सरबत पिली, तवाच काय ती."

माझ्या हातात तिच्या रक्ताची ट्यूब होती. सांडली नाही. नाव लिहिलं, वय लिहिलं, उद्या ये म्हटलं.

पुढे दहा-बारा पेशंट झाले. एकाचाही चेहरा आठवत नाही.

३ जून, मंगळवार

ही वही मागे चाळली. जसं लिहिलंय तसं उतरवते, म्हणजे पुन्हा पानं उलटायला नकोत.

"६ एप्रिल. मोटर बसली. चौथ्या मजल्यावर धो धो. स्वारी खूश."

"१९ एप्रिल. शेजारच्या बिल्डिंगचं गटार तुंबून रस्त्यावर. काय घाण! संध्याकाळी आपलंही पाणी गढूळ आलं. हे म्हणतात टाकीचा तळ ढवळला असेल. पल्लू आणि विहीणबाई आल्या. पोट छान दिसतंय."

"२० एप्रिल. डोहाळजेवण झकास. गच्चीवर चाळीस माणसं. फिल्टरचं पाणी पुरेना, उकळून गार होईपर्यंत कोण थांबणार? टाकीचंच घेतलं. जरा गढूळ होतं, तुरटी फिरवली, काचेसारखं झालं. कोकम सरबत मीच केलं, अंजूने ढवळलं. पल्लूने दोन ग्लास मागून घेतले!"

उद्गारचिन्ह पण माझंच.

अंजू ढवळताना चाखत होती. शहाभाई साडी घेऊन वर आले तेव्हा उभ्या उभ्या प्यायले. प्रशांतने टोप गच्चीवर चढवला. आग्नेसबाईने ओटी भरली, गाणं म्हटलं, आणि सरबत घेतलं. ह्यांच्या "तिघेच कसे"चं उत्तर हे. छत्तीस घरं आपापल्या घरात पाणी उकळतात, फिल्टर लावतात. त्या दिवशी ते कच्चं पाजलं मी.

तुरटीने गाळ खाली बसतो. जे दिसत नाही त्याला तुरटी काही करत नाही. हे मला माहीत नव्हतं? माझ्या आईकडे राजापूरला पावसाळ्यात तुरटी फिरवायचे, ते पाणी पुढे उकळायचे. मी अर्धंच केलं. त्या दिवशी मी लॅबवाली नव्हते, मुलीची आई होते, मिरवत होते.

आणि आठवडाभर म्हणतेय, वाचली पोर. तिला येऊ नको, येऊ नको म्हणून भांडले, आणि ती तर येऊन गेली होती. मी केलेल्या सरबताचे दोन ग्लास पिऊन.

आज चव्वेचाळीसावा दिवस. नऊ आठवडे म्हणजे त्रेसष्ट. २२ जून.

४ जून, बुधवार

ह्यांना वही वाचायला दिली. स्वतःहून पहिल्यांदाच. चष्मा लावून ती तीन पानं वाचली, मग पुन्हा वाचली. मी वाट बघत होते ओरडण्याची. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पाणी मी आणलं," म्हणाले. वही मिटता मिटता, "सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस."

मग खाली गेले. कुदळ घेऊन स्वतः खणलं. गटाराच्या बरोबर खाली पाइपला गंजून भोक पडलेलं, अंगठा जाईल एवढं. मोटर चालू झाली की गटारच ओढत असणार. चौथ्या मजल्यावरून ४०१ वाले ओरडले, "सेक्रेटरी, पाण्याचं काय? आम्ही काय करायचं?" ह्यांनी वर बघून हात जोडले. एवढ्या वर्षांत कोणाला हात जोडताना बघितलं नव्हतं मी त्यांना.

मोटर आता आमच्या बाल्कनीत आहे. कपडे वाळत घालताना पायात येते.

५ जून, गुरुवार. पेण

सकाळच्या गाडीने आले. सामान लॅबमधून: सुया, ट्यूब, बर्फाची पेटी.

आधी विहीणबाईंना स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगून टाकलं. मोटर, तुरटी, सरबत. काही लपवलं नाही. त्या भाकरी थापत होत्या, हात थांबला. मला वाटलं आता ऐकवतील, आणि ऐकवायचा हक्कच आहे त्यांना. तर म्हणाल्या, "मी पण प्यायले होते. छान झालं होतं." मग हात धुतले, पदराला पुसले. "माझं पण घ्या रक्त."

तवा तसाच तापत राहिला. मी त्यांचा हात धरला. सव्वा वर्षात पहिल्यांदा.

पल्लूची शीर मला पहिल्यांदा सापडलीच नाही. लोकांच्या अंधाऱ्या खोलीत, रडणाऱ्या मुलांच्या हातात सापडते, आणि पोटच्या पोरीच्या नाही. "काय गं आई, शीर सापडेना? एवढं नाव आहे तुझं भाईंदरमध्ये!" हसत होती. तिला सांगितलं सगळं. ती हसायची थांबली, पोटावर हात ठेवला, आणि म्हणाली, "याला काय होईल?" मी म्हटलं, काही होणार नाही. कुठल्या रिपोर्टवरून म्हटलं, देव जाणे.

तिला मी दारात नेलं, उन्हात. पापण्या खाली ओढल्या. डोळे पांढरेशुभ्र.

९ जून, सोमवार

दोघींचे रिपोर्ट. एसजीपीटी नॉर्मल. ई नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.

हे पेढे घेऊन आले! मी पुडा उघडू दिला नाही. "आता काय?" म्हणे. आता हे, की लागण झाली असेल आणि दिवस भरले नसतील तर आयजीएम आजही निगेटिव्हच येणार. दुखणं अंगावर दिसायच्या सुमारासच ते रक्तात सापडतं. आजचा रिपोर्ट म्हणजे त्या दिवशी नव्हतं, इतकंच. पुढच्या गुरुवारचं त्यात काही लिहिलेलं नाही.

काउंटरवर बसून मी इतक्या लोकांच्या हातात निगेटिव्ह कागद दिलेत. ते हसत घरी गेले. मी एकालाही थांबवून म्हटलं नाही, की आणखी काही दिवस थांबा.

मॅडमनी पेणच्या डॉक्टरांशी स्वतः बोलून घेतलं. दर आठवड्याला रक्त. जरा काही वाटलं तर सरळ मुंबईचं मोठं हॉस्पिटल, तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय. औषध? मी विचारलं. म्हणाल्या, "लक्ष ठेवायचं. वेळेवर पोचायचं." म्हणजे औषध नाही.

पन्नासावा दिवस.

११ जून, बुधवार

डोहाळजेवणाच्या आमंत्रणाची यादी काढून सगळ्यांना फोन केले. माझ्याच घरचं पिऊन लोक आजारी पडले हे माझ्या तोंडून सांगायचं. ह्यांनी अर्धी यादी मागून घेतली. शेजारी बसून फोनवर म्हणत होते, "आमच्या पाण्यात दोष होता. हो, आमच्याच." घसा साफ करत करत.

काशीमीऱ्याच्या नणंदेच्या मुलाला होऊन गेली कावीळ, त्यांना वाटलं ढाब्यावरचं जेवण बाधलं. आणखी एक ठाण्याला. बाकी ठीक. गरोदर दुसरी कोणी नव्हती, एवढं तरी नशीब. मामींना कितीही समजावलं तरी, "सरबत मात्र फक्कड झालं होतं हो, साखर किती घातली होतीस?" काय बोलणार! रडता रडता हसले.

१४ जून, शनिवार

आग्नेसबाई गेटशी आली होती. मासळी नाही अजून, नुसती बसायला. बरीच उतरलीय, पण डोळे साफ. तिला पण सांगितलं. तिचा महिन्याचा धंदा बुडाला माझ्यापायी. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती. "मुद्दाम न्हाय ना केलास," म्हणाली. मग, "पोर कशी हाय?"

पेणचा रिपोर्ट फोनवर कळला. एसजीपीटी ३२. विहीणबाईंचाही छान. पल्लू मजेत आहे, भूक दणदणीत, सासूबाईंकडे रोज मासे मागतेय. या दिवसांत तिला मासळीचं भारी वेड लागलंय, काल भरल्या पापलेटचे दोन तुकडे एकटीने खाल्ले.

पंचावन्नावा. आठ राहिले. ह्यांनी कॅलेंडरवर २२ ला गोल केलाय, मला न सांगता. स्वतःशीच काट मारतात रोज सकाळी दूध तापवताना.

१५ जून, रविवार

काही नाही. बरं आहे, काही नाही.

दुपटी शिवली सहा.

१७ जून, मंगळवार

लॅबमध्ये असताना फोन. साडेअकरा. पल्लूच. सहज केला म्हणाली. इकडचं तिकडचं बोलली, पाऊस, दिराची बायको, बाळ लाथा मारतंय रात्रभर. मग म्हणते, "आज ह्यांनी एवढी ताजी कोलंबी आणलीय, आणि मला वासच नको झालाय. बाहेरच येऊन बसलेय. चहा पण अर्धा टाकला."

मी हातातली ट्यूब स्टँडमध्ये ठेवली.

"डोळे बघितलेस?"

"बघितले गं. इथे एवढे ढग आलेत, दिवसा दिवा लावलाय. लाइटमध्ये नीटच वाटतायत."

नववा महिना आहे. नवव्यात होतं असं. जठर वर ढकललं जातं, वास नको होतात. मला पल्लूच्या वेळी शेवटी शेवटी भात नको झाला होता. हे सगळं मला माहीत आहे. आग्नेसबाईलाही काय माहीत होतं?

मॅडमना सांगितलं, त्यांनी वाक्य पूर्ण पण करू दिलं नाही. "नीघ." पेणच्या डॉक्टरांना त्यांनीच फोन लावला. गाडी सांगून ठेवा म्हणाल्या. जावयांना मी सांगितलं, बॅग भरून ठेवा, हॉस्पिटलचे सगळे कागद वर ठेवा. घाबरवू नका तिला.

हे बर्फाची पेटी घेऊन खाली तयार होते, छत्री न घेता. रिक्षाने काशीमीरा, हायवेला उभं राहून मिळेल ती गाडी. ट्रकच्या चिखलाने साडी भरली. ठाणे. मग पनवेल.

आता पनवेल स्टँडवर बाकड्यावर बसून लिहितेय. सव्वातीन. ट्यूबवर तिचं नाव आधीच लिहून ठेवलं, हात आत्ता स्थिर आहे म्हणून. आज अठ्ठावन्नावा. तिकडे घरी सकाळची काट मारायची राहिली, ते ह्यांना आत्ता बसमध्ये आठवलं. मला म्हणाले, "मुद्दाम नाही राहिली." म्हटलं, माहितीये.

पेणची गाडी कुठल्या फलाटाला लागतेय ते विचारायला हे गेलेत. पाऊस थांबलाय, पण आभाळ काळं आहे. दक्षिणेकडे जरा उजळल्यासारखं वाटतंय. तासाभराचा रस्ता.

उजेड आहे तोवर पोचायला हवं.